लिनभाईचं गाठोडं आणि बारा वाक्यं

मला इंग्रजी कोणी शिकवलं असं विचारलं की मी सांगते, एका चिनी कापडवाल्यानं. माणसं हसतात, म्हातारी चळली म्हणतात. म्हणू द्या. पुढं मी जन्मभर पोरींना इंग्रजी शिकवलं, त्यातल्या चार-दोन माझ्याहून चांगलं बोलायला लागल्या, पण वर्गात खडू हातात घेतला की मला आधी आठवायची ती आमची हिंगोलीची ओसरी. ओसरीवर मांडी घालून बसलेले नाना, त्यांच्यासमोर उकिडवा बसलेला लिनभाई, आणि दाराच्या आतल्या बाजूला सुपात तूर निवडत, कान बाहेर लावून बसलेली मी. चार यत्ता झाल्यावर माझी शाळा सुटली होती. पोरींसाठी पुढं वर्गच नव्हता. नाना म्हणजे माझे वडील, सरकारी शाळेत इंग्रजीचे मास्तर. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवून घरी येत आणि आपल्या लेकीलाही शिकवावं हे काही त्यांच्या डोक्यात येत नसे. याचा राग मला तेव्हा फार होता. आता तितका नाही, पण आहे.

घर माळवदाचं, वर मातीचं सपाट छत. उन्हाळ्यात आत शिरलं की गार वाटायचं आणि पावसाळ्यात कुठं कुठं गळतंय ते बघत भांडी मांडत फिरावं लागायचं. पहाटे मायचं जातं सुरू व्हायचं, त्यात तिचं पुटपुटणं मिसळलेलं, आणि दिवस वर आला की शेजारच्या करीमचाचांची धनुकली वाजायला लागायची. ते पिंजारी. कापूस पिंजताना त्यांच्या तातीचा जो टणटण आवाज निघायचा त्यावर आमचं घर चालायचं म्हटलं तरी चालेल. तो थांबला की माय म्हणायची, "करीमभाऊ जेवायला बसले, चला, आपलंबी बघा." मग ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, तव्यावरचा ठेचा आणि थंडीत तुरीच्या सोल्यांची भाजी. त्या भाजीसाठी मी आजही कुठंही जायला तयार आहे, पण ती आता कुणाला तशी जमत नाही, मलाही नाही.

आमच्या मधल्या खोलीत छताखाली भिंतभर एक लाकडी फळी होती. तिला आम्ही ठेवीची फळी म्हणायचो. आजोबांच्या वेळेपासून माणसं आपली चीजवस्तू आमच्याकडं ठेवून जायची. कुणी तारखेला कचेरीत आलेला, कुणी तीर्थाला निघालेला, कुणी भावाभावांच्या भांडणात घरात ठेवायला भिणारा. कागद नाही, पावती नाही. ठेवणाऱ्यानं स्वतःच्या हातानं गाठ मारायची आणि परत आल्यावर स्वतःच्या हातानंच सोडायची, मधल्या काळात आमच्यापैकी कुणी तिला बोट लावायचं नाही, आत काय आहे तेही विचारायचं नाही, एवढाच नियम. जवळा बाजारची एक बाई तांब्याची कळशी फडक्यात बांधून ठेवून गेली आणि कित्येक वर्षांनी आली, तेव्हा आजोबांनी ती कोळ्याच्या जाळ्यासकट खाली काढून दिली. जाळंसुद्धा मोडलं नव्हतं! ही गोष्ट नाना इतक्या वेळा सांगत की ते तोंड उघडायच्या आत माय म्हणायची, "अन् जाळंबी तसंच." नाना त्यावर रागवत नसत. त्यांना त्या जाळ्याचा खराखुरा अभिमान होता.

लिनभाई वर्षातून दोनदा यायचा. सायकलवर मागं निळ्या कापडाचं मोठं गाठोडं, आणि हातात एक चपटं डमरू. त्याची दांडी बोटांत फिरवली की दोरीचे मणी कातड्यावर टकटक आपटायचे. तो आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की बायका दारात यायच्या. घेत कुणी फारसं नव्हतं. रेशमी रुमाल, पांढरं झुळझुळीत ताग्याचं कापड, फुलं-पाखरं भरलेले उशीचे अभ्रे, हे सगळं खपायचं मोठ्या गावांत, अंमलदारांच्या बंगल्यांवर. आमच्याकडं तो दम खायला थांबायचा. मायला मोठा पेच पडायचा. रेशीम म्हणजे सोवळं, पण ते आणणारा कोण कुठल्या मुलखातला, काय खाणारा! शेवटी तिनं आपल्या मनाशी तोड काढली. कापडाला हात लावायचा, पण धुतल्याशिवाय देवघरात न्यायचं नाही. तिनं त्याच्याकडून काही घेतलंच नाही, त्यामुळं तो प्रश्न तसाच राहिला. त्याला ती धपाटे द्यायची. तो ते निम्मे खायचा, निम्मे रुमालात बांधायचा आणि उकळतं पाणी मागायचा. नुसतं पाणी, तेही कढत. "बिचाऱ्याला चहा पुसावा तर म्हनतो पानी," माय हळहळायची.

एकदा असाच बसलेला असताना त्यानं पिशवीतून एक वही काढली. एका पानावर एक इंग्रजी शब्द आणि शेजारी त्याच्या लिपीतली चित्रं. बंगल्यांवरच्या मडमा काय बोलतात ते कळावं म्हणून तो वाटेत भेटेल त्याला विचारून शब्द गोळा करत होता. एका पानावर मात्र नुसती खाडाखोड होती. ते पान त्यानं नानांपुढं धरलं आणि म्हणाला, "मास्टरजी, ये बहुत बदमाश है." शब्द होता कीप. एक मडम म्हणाली, हे कापड कीप, तर तो ठेवून निघाला. दुसरी म्हणाली कीप क्वाएट, तेव्हा काय ठेवायचं ते त्याला कळेना, तर ती चिडली. तिसरीच्या माळ्यानं कीप अवे म्हणून कुत्रं अंगावर सोडलं. त्याच्या भाषेत या प्रत्येकाला म्हणे वेगळा शब्द. नाना हसून म्हणाले, "हमारे में भी." मग बोटांवर मोजत म्हणाले, ठेव, राख, पाळ, सांभाळ, टिक, गप रहा, लांब रहा. लिनभाईनं कपाळाला हात लावला.

नानांची शिकवायची तऱ्हा निराळी होती. शाळेत काय करत कोण जाणे, पण ओसरीवर त्यांनी अर्थ सांगायचा म्हणून सांगितलाच नाही. ते म्हणाले, घरात जे घडेल त्यातून एकेक वाक्य काढू, बारा झाली की तुला हा शब्द आला. लिनभाई तेव्हा पंधरा दिवस हिंगोलीतच मुक्कामाला होता. रोज दुपारी यायचा. समोरचा गवळी गाय पाळतो, झालं एक वाक्य. मायची चतुर्थी, म्हणजे ती उपास धरते, दुसरं. माय सोवळ्यात पाणी घेऊन चालली आणि ओरडली, "लांब व्हा, लांब व्हा," की नाना टाळी वाजवून म्हणायचे, "कीप अवे! लिख लो." मायला कळायचं की आपल्यावरून काहीतरी चाललंय. "मले इंग्रजीत काहून नाचवता?" असं ती आतून म्हणायची आणि ओसरीवर दोघंही गप्प बसायचे. त्या गप्प बसण्याचंही एक वाक्य झालं. एकदा दूध नासलं, तेव्हा नानांनी लिहून दिलं, मिल्क डझ नॉट कीप. दूध राहत नाही, टिकत नाही. लिनभाईला ते फार आवडलं. शेवटचा प त्याच्या ओठांवर येऊन थांबायचा, बाहेर पडायचाच नाही, तरी तो दिवसभर ते वाक्य म्हणत राहिला. त्याला न पटलेली गोष्ट एकच. काल ठेवलं तर शब्द बदलून केप्ट काहून? "कल बोल दिया तो हो गया ना, मास्टरजी! फिर शब्द काय कू बदलना?" मी दाराआड तोंडावर पदर धरून हसत होते. आणि बारा वाक्यं माझी त्याच्याआधी पाठ झाली होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या खेपेला तो आला तो घाईतच. कलकत्त्याला त्याचा भाऊ दुखणाईत पडला होता. लढाईचे दिवस, आगगाड्या शिपायांनी भरलेल्या, एवढं सामान घेऊन कुणी चढू देईना. त्यानं सायकल विकली आणि गाठोडं ओसरीवर आणून ठेवलं. "दो महीना, मास्टरजी." नानांनी नियम सांगितला. त्यानं आमच्यादेखत गाठ मारली. आमच्या बोचक्याच्या गाठीसारखी ती उभी राहत नव्हती. चारही टोकं एकमेकांखालून घेऊन त्यानं अशी काही बसवली की वर नुसता गुंडीएवढा चपटा चौकोन दिसत होता आणि एकही टोक बाहेर नव्हतं. मी डोळे फाडून बघत होते तरी हात कुठून कुठं गेला ते कळलं नाही. मग नानांनी इंग्रजीत सांगितलं, आय विल कीप इट. लिनभाईनं मान लववली आणि तो स्टेशनाकडं चालत गेला. डमरू जाताना माझ्या धाकट्या भावाला देऊन गेला, आणि भावानं ते आठवड्यात फोडलं.

दोन महिने गेले, दोन वर्षं गेली. लढाई संपली म्हणाले. गाठोडं फळीवरच. दिवाळीला माय ठेवीच्या प्रत्येक वस्तूवर लांबूनच हळदकुंकू टाकायची तसं त्यावरही टाकायची, म्हणायची, "बाबा, जिता ऱ्हाय." नाना रोज संध्याकाळी दिवा लावला की एकदा फळीकडं बघायचे. गाठ जशीच्या तशी आहे ना, एवढं पुरायचं. आणि कोळ्यानं त्यावर जाळं धरलं, तेव्हा तर ते खूशच झाले.

मग निजामाच्या राज्याचे ते शेवटचे दिवस आले. त्या दिवसांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मी आमच्या घरापुरतं सांगते. रोज कुठल्यातरी गावची जाळपोळीची बातमी यायची. ठेवीवाले एकेक करून आपापल्या वस्तू घेऊन गेले. ओळखीची घरं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात निघाली होती. आम्हीही ठरवलं, वाशीमला आत्याकडं जायचं. सेनगावचा एक गाडीवान तयार झाला, पण म्हणाला, माणसं आणि थोडकं सामान, बैल थकलेत. फळीवर तेव्हा एकट्या लिनभाईचं गाठोडं राहिलं होतं. नानांनी ते आधी गाडीत ठेवलं आणि जागा करायला मायची पितळी परात खाली काढली. ती तिच्या आईची परात. माय कधी नव्हे ती रस्त्यावर उभी राहून बोलली.

"चिन्याचं गाठोडं घेता अन् माह्या मायची परात ठिवता?"

"परात आपली हाय," नाना म्हणाले. "गेली तर आपली गेली. हे गेलं तर मी त्याला काय दाखवू? त्याला आय विल कीप म्हनलं होतं, अन् आता म्हनू, आय डिड नॉट कीप?"

मायला इंग्रजी कळलं नाही, पण ती परात घेऊन करीमचाचांच्या दारात गेली. नानांनी घराची किल्ली त्यांच्याकडंच दिली. "कुलूप लावलंय, फक्त लक्ष ठेवा," म्हणाले. चाचा म्हणाले, "मास्टरसाब, तुमे जाव. फिकर नक्को करो." त्यांचे डोळे भरले होते आणि आमचेही, पण गाडीवान घाई करत होता.

पैनगंगेला गुडघ्याच्या वर पाणी होतं. उताराच्या जागी उजवं चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलंडली, आणि पाणी आत आलं. आम्ही पोरं ओरडत उभी राहिलो. नानांनी गाठोडं उचलून डोक्यावर धरलं, पण तोवर खालची बाजू भिजली होती. पलीकडच्या काठावर त्यांनी ते पालथं घालून उन्हात ठेवलं, वरून हात फिरवला, आणि गाठ घट्ट आहे हे बघून म्हणाले, "काही न्हाई झालं."

झालं होतं. आत्याच्या घरी आम्हाला एक खोली मिळाली होती. कोपऱ्यात गाठोडं. आठ दिवसांत त्याला कुबट वास यायला लागला. मी नानांना म्हटलं, "नाना, आत ओल धरलीय. सोडून वाळवू की."

"ज्याची गाठ त्यानं सोडायची."

"पण सडून जाईल ना सगळं!"

"वरून ऊन दाखव," असं म्हणून ते उठून गेले. मी वरून ऊन दाखवलं. आकाश भरलेलं, ऊन कसलं! श्रावणात एके दुपारी मी तिथंच बसले होते, आणि कापडाच्या घडीतून एक चांदीसारखी कसर सळसळत बाहेर आली. तिच्यामागं दुसरी. त्या वेळी मला जे वाटलं ते अजून तसंच्या तसं वाटतं. नानांवर असा राग आला की कान गरम झाले. मनात म्हटलं, जाळं जपायचंय यांना, रेशीम न्हाई. इंग्रजीच्या वाक्यात दूध राहत नाही हे यांना कळतं आणि घरात कळत नाही?

नाना बातम्या ऐकायला बाहेर गेले होते. मी गाठोडं माडीवर नेलं. सोडताना प्रत्येक टोक कुठून निघतं ते लक्षात ठेवायचं ठरवलं होतं, पण ओलीनं कापड फुगलं होतं, दातांनी ओढावं लागलं, आणि एकदम सगळी गाठ विस्कटून हातात आली. आत रेशमाच्या घड्या. खालच्या दोन घड्यांवर निळा रंग उतरलेला, एका रुमालाला कसर लागलेली. बाकीचं अजून वाचण्यासारखं होतं. आणि मधोमध, एका पांढऱ्या फडक्यात, तान्ह्या लेकराच्या पायातले कापडी जोडे. लाल, आणि समोरच्या बाजूला वाघाचं की मांजराचं तोंड शिवलेलं, डोळे, मिशा, सगळं. एकावर बुरशी चढली होती. त्याला लेकरू आहे हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं, आम्हीही कधी विचारलं नव्हतं. मी रडायला लागले.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. माय होती. तिनं माझ्याकडं बघितलं, पसरलेल्या कापडांकडं बघितलं आणि खाली गेली. मला वाटलं, आता ही नानांना हाक मारणार. ती परत आली ती पदरात कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि आत्याच्या गादीतला मूठभर कापूस घेऊन. "घड्या उलट्या कर, नाहीतर त्याच जागी फाटतील," ती म्हणाली. "पाला मधून मधून घाल. अन् मी काही पाह्यलं न्हाई." दिवस मावळेस्तोवर तिथंच बसून ती तांदूळ निवडत होती, पाठ माझ्याकडं करून. कापूस मी जोड्यांत भरला.

सगळं वाळलं, पण गाठ काही केल्या जमेना. वीस वेळा बांधली असेल. शेवटी आपली बोचक्याची साधी गाठ मारली, टोकं आत खुपसली आणि गाठोडं कोपऱ्यात ठेवून दिलं. त्या संध्याकाळी नाना आले, दिवा लागला, त्यांनी रोजच्यासारखं कोपऱ्याकडं बघितलं. हातपाय धुतले, जेवले. मी म्हटलं, सुटले. पण खरं तर तेव्हापासूनच माझ्या भिण्याला सुरुवात झाली. लिनभाई येणार, गाठ बघणार, आणि आजोबांच्या वेळेपासून कधी न झालेली गोष्ट नानांच्या दारात होणार. तो न येवो असंही एकदोनदा मनात आलं. आलं होतं, लपवून काय करू.

निजामाचं राज्य गेलं आणि दिवाळीच्या सुमाराला आम्ही हिंगोलीला परतलो. घर बघून माय दारातच थांबली. अंगण सारवलेलं. तुळशीला पाणी, मंजिऱ्या खुडलेल्या. माळवदावर नवी पांढरी माती टाकलेली. चाचांनी कुलूप उघडून हे सगळं केलं होतं. नानांनी फक्त लक्ष ठेवा म्हटलं होतं. "खोलना पडा, मास्टरसाब," चाचा अपराधी तोंडानं म्हणाले, "छत टपक रहा था." नानांनी वर छताकडं बघितलं, मग चाचांचे दोन्ही हात धरले. आता भिण्याचे दिवस चाचांवर आले होते. महिन्याभरात ते लेकीकडं हैदराबादला निघाले आणि जाताना आपली लोखंडी पेटी, किल्लीसकट, आमच्या फळीवर ठेवून गेले. धनुकली बंद झाली. तिच्याशिवाय घरात दुपार झाल्यासारखीच वाटेना.

थंडी पडल्यावर एक दिवस ओसरीवर कुणीतरी येऊन उभं राहिलं. डमरू नाही, सायकल नाही, केस पांढरे. मायनं आधी ओळखलं. "अगं बाई, लिनभाऊ!" तिनं न विचारता पाणी उकळायला ठेवलं. भाऊ वारला होता. मग तो स्वतः आजारी होता, मग पैसे नव्हते, मग इकडं येता येत नव्हतं. तो गाठोड्याबद्दल विचारीनाच. त्यानं नानांना एवढंच विचारलं की सगळे जिवंत आहेत ना. नाना आत आले, गाठोडं दोन्ही हातांनी घेऊन गेले आणि त्याच्यापुढं ठेवलं. मी दाराआड उभी. माय चुलीजवळून उठून आली.

लिनभाईचा हात गाठीवर गेला आणि थांबला. त्यानं ती उलटून बघितली. "मास्टरजी," तो हळूच म्हणाला, "ये गांठ हमारा नहीं."

मला वाटलं होतं नाना चकित होतील, घरात ओरडतील. नाना शांतपणे म्हणाले, "मैंने खोली. वो गांठ मेरी है."

माझे वडील खोटं बोलले. उभ्या जन्मात मी ते एकदाच ऐकलं. मी लग्नाला आलेली पोर, परक्या माणसापुढं ओसरीवर जायची रीत नव्हती, पण मी गेले. "न्हाई, नाना," म्हटलं. "मी सोडली. वाशीमला. भिजलं होतं, कसर लागून राहिली होती. तुमी न्हाई म्हनले तरी सोडली." आणि लिनभाईकडं बघायची हिंमत झाली नाही म्हणून खाली बघत उभी राहिले.

त्यानं गाठ सोडली. लिंबाचा पाला ओसरीवर सांडला. त्यानं एकेक घडी उलगडली, डाग पडलेल्या दोन बाजूला ठेवल्या, मग पांढरं फडकं उघडलं. जोड्यांतला कापूस काढला, हातात धरला, पुन्हा भरला. त्याचं लेकरू त्यानं बघितलंच नव्हतं. मागं घरी बायको होती, पत्रं यायची, मग लढाई तिथंही पोचली आणि पत्रं थांबली. हे त्यानं दोन-चार शब्दांत सांगितलं आणि डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग म्हणाला, "मास्टरजी, बंद रहता तो ये भी जाता." आणि माझ्याकडं वळून, "अच्छा रखा, बेटी. बहुत अच्छा रखा." जाण्याआधी त्यानं मला समोर बसवून ती गाठ शिकवली. तीनदा बांधून दाखवली, चौथ्यांदा मला आली. आजही माझ्या घरच्या बोचक्यांना तीच गाठ असते, आणि माझ्या सुना ती सोडताना मला नावं ठेवतात. धपाटे त्यानं त्या दिवशी सगळे खाल्ले. पुन्हा तो कधी दिसला नाही.

रात्री नाना जेवायला बसले. मीच न राहवून विचारलं, "तुमी खोटं काहून बोलले?"

"खोटं कुठं?" त्यांनी ताट बाजूला सारलं. "तू सोडली त्याच दिवशी मी पाह्यलं. वास मलेबी येत होता, इंदे. सोडायची ती मीच सोडायला पाह्यजे होती. माझी छाती झाली न्हाई. लेकरानं केलं अन् मी गप बसलो, बरं झालं म्हनून. मग गाठ कोनाची म्हनायची?"

माय आमटीचं पातेलं घेऊन आत गेली आणि उगाचच बराच वेळ भांडी वाजवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी मला हाक मारली. ते स्टुलावर चढून ठेवीच्या फळीवरची जाळी फडक्यानं पुसत होते. चाचांची पेटी त्यांनी खाली घेतली, किल्ली लावली, आणि झाकण उघडायच्या आधी क्षणभर थांबले. आत चाचींच्या हातच्या दोन गोधड्या, एक दुलई, काही कागद. आम्ही ते सगळं माळवदावर नेऊन उन्हात पसरलं. मी पाला आणला. कावळे येतील म्हणून राखण बसलो, ते एका कडेला, मी दुसऱ्या.

"कीपची वाक्यं लिनभाईला दिली होती," ते म्हणाले. "किती झाली होती? नऊ की दहा?"

"बारा," मी म्हटलं, आणि सगळी ओळीनं म्हणून दाखवली. गवळ्याच्या गाईपासून नासलेल्या दुधापर्यंत.

नाना माझ्याकडं वळले. "कुठं शिकली?"

"दाराआड," मी म्हटलं. "तूर निवडता निवडता."

ते उठून खाली गेले. मला वाटलं, काहीतरी चुकलं. ते परत आले ते आपली शाळेची पाटी आणि पेन्सील घेऊन, आणि गोधडी जरा सरकवून माझ्या शेजारी येऊन बसले. "कीप तुला येतो," ते म्हणाले. "दुसरा शब्द घेऊ."